थिसिस, ग्रासहॉपर आणि रेन ट्री : माझा अनुभव

बी.आर्कच्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला थिसिसचा विषय घेतला तेव्हा डोक्यात एकच बिल्डिंग होती, जर्मनीत श्वेबिश ग्म्युंडला २०१४ च्या बागप्रदर्शनासाठी बांधलेला लाकडी हॉल. बीच प्लायवूडच्या २४३ प्लेट्स, एकीचा आकार दुसरीला नाही, सगळ्या रोबोटने कापलेल्या आणि जाडी फक्त ५० मिमी. म्हणलं आपण पण असलंच काहीतरी करू. साइट पुण्याचं एम्प्रेस गार्डन, तिथे दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतंच, त्याच्यासाठी कायमचा हॉल आणि शेजारी वनस्पतींच्या चित्रांची छोटी गॅलरी. पहिल्याच क्रिटला, म्हणजे काम दाखवून चर्चा करायच्या बैठकीला, गाइड सर म्हणाले, आकार दिसला, आता आत उजेड किती, वारा कुठून आणि मे महिन्यात माणूस उभा राहील का ते सांग. मी गप्प.

मग राइनो, ग्रासहॉपर ही डिझाइनची सॉफ्टवेअर, ऊन-उजेडाचा हिशोब करणारी लेडीबग, हनीबी, पुण्याची हवामानाची फाइल, सगळं टाकून बसले. फुलांना उजेड हवा आणि कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर चालत नाही, म्हणजे एकाच छताखाली दोन भांडणं. वाऱ्याचं तर विचारूच नका, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि पाऊसही तिकडूनच, भिंत उघडली की हवा येते आणि कुंड्यांसकट पाहुणे भिजतात.

पहिला दणका नॉर्थ लाइटने, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या उजेडाने दिला. पुस्तकात वाचलेलं की उत्तरेचा उजेड म्हणजे थंड, एकसारखा, सेफ. करवतीच्या दातांसारखं छत काढलं, काचा सगळ्या उत्तरेला, रन मारला (कॉम्प्युटरवर हिशोब चालवला) तर जूनमध्ये गॅलरीच्या भिंतीवर चक्क ऊन! आधी वाटलं मॉडेलमध्ये माझीच उत्तर दिशा चुकली. पण पुणे साडेअठरा अंशावर, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो, हे शाळेत शिकलेलं असून डोक्यात आलं नव्हतं. दुपारचं सोपं आहे, २१ जूनला सूर्य ८५ अंशांवर असतो, मीटरभर काचेवर ९-१० सेंमीची पट्टी काढली की ऊन अडतं. त्रास सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाचा, त्याला काचेसमोर उभे फिन्सच (उभ्या पट्ट्या) लागले.

मग ऑप्टिमायझेशन, म्हणजे कॉम्प्युटरने पर्याय तपासत, चांगल्यांतून पुढची पिढी काढत सगळ्यात बरा शोधायचा. ४० पर्याय गुणिले ५० पिढ्या म्हणजे २००० रन, प्रत्येकी दोन मिनिटं, जवळपास ६७ तास. लॅपटॉप खाटेवर टेबल फॅनसमोर, आणि आईला ताकीद की मेन स्विचला हात लावायचा नाही. तिसऱ्या रात्री लाइट गेली. (चार्जर-बॅटरीचं काय ते विचारू नका, आणि मध्ये सेव्ह होईल अशी सोय आधी करून ठेवा.)

परत रन मारून उत्तर आलं, मी खूश, प्रिंट घेऊन साइटवर गेले. माळीकाकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "ताई, यात झाडं कुठायत?" खरंच नव्हती. बागेतल्या हॉलचा अभ्यास मी मोकळ्या मैदानावर केलेला!

मग लक्समीटर मागून आणला, एकाच वेळी एक रीडिंग झाडाखाली आणि एक उघड्यावर, दोन्हींच्या प्रमाणावरून मॉडेलमधल्या झाडाची सावली किती दाट ते ठरवलं. काकांनी सांगितलं की तिथला रेन ट्री (छत्रीसारखा पसरणारा मोठा वृक्ष) फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, म्हणून झाडं दोन तऱ्हेने टाकली, भरलेली आणि विरळ. निकाल उलटाच झाला. पश्चिमेला ज्या उन्हासाठी मी जाड भिंत घातली होती ते झाडंच अडवत होती, भिंत जाळीची करता आली, वाराही मिळाला, पावसासाठी छप्पर पुढे ओढलं. पण मागचा कोपरा अंधारा पडला आणि काचा तिथे वाढवाव्या लागल्या. एक खांब मुळांच्या जागेत येत होता म्हणून खांबांचा ग्रिडच हलवला, त्यात त्या जर्मन हॉलसारखा माझा लाडका लाकडी घुमट कायमचा गेला. त्याचं वाईट अजून वाटतं, खोटं कशाला बोलू.

ज्युरीत ग्राफ छान चालले. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी मात्र सेक्शनवर (इमारतीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) बोट ठेवलं, करवतीच्या दोन दातांमधल्या पन्हळीवर, आणि विचारलं, रेन ट्रीचा एवढा पाला इथे पडणार, पावसाच्या आधी वर चढून काढणार कोण आणि कुठून? शिडीच नव्हती. फायनल शीटवर आता पूर्वेच्या बाजूने एक लोखंडी शिडी आहे, पेनने काढलेली.