बेळगावहून कारवार: तिथी बघून निघा

कारवारला जायला दोन वाटा. जवळची म्हणजे खानापूर, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट. पाच तास धरा. रामनगरात टाकी भरून घ्यावी. पुढं जंगलात रेंज जाते, म्हणून नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवावा. पावसाळ्यात अणशीत दरडी येतात, घाट बंद पडतो. तेव्हा अनमोडवरून गोव्यात उतरून काणकोण, पोळे, माजाळी असं यायचं. लांब पडतं, पण अडकायला होत नाही. गोव्याची बाटली मात्र बरोबर नको, हद्दीवर गाड्या तपासतात.

या वाटेनं काळी नदीवरचा पूल लागतो. शेजारचा जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला. पूल संपला की गाडी खालच्या रस्त्यालाच ठेवा. उड्डाणपुलावर चढलात तर किनारा उजव्या हाताला नुसता दिसतो आणि बोगद्यातून थेट बिणग्याकडं निघायला होतं.

किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले भाऊ इथं जिल्हा न्यायाधीश होते, त्यांच्याकडं ते राहून गेले. वाळूवर आयएनएस चपल ही जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. दुपारी पत्रा तापतो, मुलांना सकाळी किंवा चारनंतर न्यावं.

आता खरं काम कालनिर्णयाचं. आपण घाटावरची माणसं रविवार बघून निघतो आणि भरतीत पोचतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. कारवारात पाणी थोडं आधीच चढतं. म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी वाळूचा पट्टा अरुंद मिळतो, पौर्णिमा-अमावास्येला चार-पाचच्या सुमारास लांबवर मोकळा. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढं सरकते. पण उधाणाच्या त्याच दिवसांत ओढही जोराची असते, तेव्हा चालायला जावं, पोहायला नव्हे.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं लाटा बघा. दोन्हीकडं फेस फुटतोय आणि मधला पट्टा गढूळ पण शांत दिसतोय, तर तीच ओढीची जागा. लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच परत आत जातं. नवखा माणूस नेमका तिथं उतरतो, कारण लाट अंगावर येत नाही. ओढीत सापडलात तर काठाकडं झुंजू नका, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत फेसाकडं या, मग लाटच बाहेर आणते. उत्तरेला काळीच्या मुखाकडं तर गुडघ्याच्या वर जाऊच नये.

जेलीफिश डसलं तर वाळूनं चोळू नका, गोडं पाणीही नको. समुद्राच्याच पाण्यानं धुवा.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी 61 दिवस बंद असते. त्या दिवसांत ताटात इसवण आली तर ती बर्फातली समजावी.