१२:६१:०० या खतातले ६१ कुठून आले

अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला केमिस्ट्रीत मला २५ पैकी ६ मार्क पडले. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले, विज्ञानात कधी मागे नव्हते. तालुक्याला सायन्स घेतलं आणि पहिलंच प्रकरण मोलचं, म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या एककाचं, आलं. इंग्रजी शब्दांची अडचण होती, पण ती महिन्याभरात सुटली. खरी अडचण निराळी होती. सूत्रं पाठ होती, आकडे घालता येत होते, पण आपण नेमकं काय मोजतोय तेच कळत नव्हतं.

त्या पेपरातलं एक गणित अजून आठवतं. ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? रेणुवस्तुमान ४४, म्हणजे ०.१ मोल. इथवर बरोबर. पुढे ०.१ ला ॲव्होगॅड्रोच्या संख्येने (एका मोलात जितके कण असतात तिने) गुणलं आणि तेच उत्तर लिहिलं. पण ते झाले रेणू. एका रेणूत ऑक्सिजनचे अणू दोन, म्हणून उत्तराची दुप्पट करायला हवी होती. पेपर हातात आल्यावर चूक दिसली, पण ती पुन्हा होणार नाही अशी खात्री वाटेना.

मोल शिकवताना बहुतेक सगळे डझनाचं उदाहरण देतात. बारा नगांचा डझन, तसा ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतक्या कणांचा एक मोल. उदाहरण खरं आहे, पण मला त्याचा उपयोग झाला नाही. मी रावेरकडची. आमच्याकडे केळी डझनावर कोण मोजतो? ती क्विंटलवर जाते, आणि बागेचा अंदाज राशीवर बांधतात. रास म्हणजे घडाचं सरासरी वजन. एका संध्याकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून हिशेब करत होते: घड तीन हजार, रास बावीस किलोची, म्हणजे ६६० क्विंटल. मी शेजारीच वही घेऊन बसले होते. माझ्या मनात आलं, हेच उलटं केलं तर? एकूण वजनाला राशीने भागलं की घड किती ते निघतं, एकही घड न मोजता.

रेणुवस्तुमान म्हणजे ती रास. पाण्याची रास १८ ग्रॅमची, मिठाची ५८.५ ग्रॅमची, युरियाची ६० ग्रॅमची. वजनाला राशीने भागा, मोल मिळतात. आणि रासायनिक क्रिया मोलातच चालते, किलोत नाही. पाणी बनताना हायड्रोजनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. वजनात पाहिलं तर हे प्रमाण १ ला ८ पडतं आणि त्यातून काहीच बोध होत नाही. आधी नगांवर यायचं, क्रिया नगांत लावायची, मग परत वजनात जायचं. एवढं पक्कं झाल्यावर निम्मी गणितं सुटायला लागली.

(मिठाच्या बाबतीत रेणुवस्तुमान म्हणणं काटेकोर नाही. मिठात सुटे रेणू नसतात, आयनांची, म्हणजे भार असलेल्या कणांची, जाळी असते, म्हणून सूत्रवस्तुमान म्हणायचं. गणिताची रीत तीच.)

मग मी घरातल्या खताच्या बॅगांकडे वळले. युरियाच्या बॅगेवर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेलं असतं. हा आकडा लहानपणापासून पाहत आले होते, तो येतो कुठून हे कधी मनात आलं नव्हतं. युरियाच्या रेणूत कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. म्हणजे १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, बरोबर ६०. त्यात नायट्रोजन २८. अठ्ठावीसला साठने भागलं तर ४६.६७ टक्के. बॅगेवरचा आकडा जरा कमी, कारण खतात थोडा ओलावा आणि बाययुरेट नावाची अशुद्धी असते. पंचेचाळीस किलोची बॅग म्हणजे ७५० मोल युरिया, त्यात १,५०० मोल नायट्रोजन अणू, म्हणजे २१ किलो. त्या रात्री मी हा हिशेब तीनदा केला, चुकेल म्हणून नाही, बरोबर येत होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी ठिबकमधून सोडायचं १२:६१:०० हे खत घेतलं आणि अडले. हे आकडे म्हणजे क्रमाने नायट्रोजन, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे टक्के. ते मोनोअमोनियम फॉस्फेट. नायट्रोजन एक, हायड्रोजन सहा, फॉस्फरस एक, ऑक्सिजन चार, रेणुवस्तुमान ११५. नायट्रोजन १४ भागिले ११५, म्हणजे १२.२ टक्के. पहिला आकडा जुळला. फॉस्फरस ३१ भागिले ११५, म्हणजे २७ टक्के. बॅग म्हणते ६१! सूत्र पुन्हा तपासलं, अणुवस्तुमानं तपासली. दोन दिवस गेले. बॅगच खोटी असेल असंही वाटून गेलं.

शेजारचा एक दादा बीएस्सी ॲग्रीला होता. त्याला वही दाखवली. तो म्हणाला, ‘‘बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं का?’’ बॅगेवर स्फुरदापुढे पी-टू-ओ-फाइव्ह लिहिलेलं होतं. खतांच्या जगात स्फुरद त्या ऑक्साइडच्या रूपात आणि पालाश के-टू-ओच्या रूपात मोजायची जुनी चाल आहे. बॅगेत ते ऑक्साइड नसतंच, फक्त मोजमाप त्याचं. आता मांडणी बदलली. पी-टू-ओ-फाइव्हमध्ये फॉस्फरस दोन, म्हणून खताचे दोन मोल घ्यायचे: २३० ग्रॅम. त्यातल्या फॉस्फरसपासून ऑक्साइडचा एक मोल बनेल: १४२ ग्रॅम. १४२ भागिले २३०. ६१.७.

युनिट टेस्टमध्ये मी विसरलेला ‘दोन’ तो हाच. एका रेणूत किती अणू, हे आधी पाहायचं. त्यानंतर ती चूक माझ्याकडून झाली नाही.

१३:००:४५ तर मग सरळ निघालं. पोटॅशियम नायट्रेट, १०१. नायट्रोजन १३.९ टक्के. दोन मोल म्हणजे २०२ ग्रॅम, त्यांना के-टू-ओ ९४ ग्रॅम, ४६.५ टक्के.

बंधांचं प्रकरण आलं तेव्हाही मी याच दोन खतांना धरून बसले. युरियात सगळे सहसंयुज बंध: कार्बन-ऑक्सिजन दुहेरी एक, कार्बन-नायट्रोजन दोन, नायट्रोजन-हायड्रोजन चार. सिग्मा बंध (प्रत्येक जोडीतला पहिला) मोजले तर सात, पाय बंध (दुहेरीतला दुसरा) एक. पोटॅशियम नायट्रेटमध्ये दोन्ही प्रकार. नायट्रेटच्या आत नायट्रोजन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधाने जोडलेले, आणि नायट्रेट व पोटॅशियम यांच्यात आयनिक ओढ. पाण्यात टाकल्यावर फरक दिसायला हवा. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर दोन ग्लासांत घेतलं (आमचं बोअरचं पाणी क्षारयुक्त, ते चाललं नसतं), नऊ व्होल्टचा सेल, एक एलईडी, एक रेझिस्टन्स, दोन तारा. युरियाच्या पाण्यात एलईडी जवळजवळ विझलेलाच. तारा पुसून दुसऱ्या ग्लासात घातल्या आणि तो लख्ख लागला. युरियाचे रेणू अख्खे पाण्यात फिरतात, त्यांच्यावर भार नसतो. पोटॅशियम नायट्रेटचे आयन सुटे होतात आणि वीज वाहून नेतात.

युरियाची बादली विरघळवताना गार पडते, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. मला वाटायचं, रेणू तुटत असेल. तसं नाही. रेणूतले बंध शाबूतच राहतात. स्फटिकात रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ती पकड सोडवायला ऊर्जा लागते आणि पाण्याशी नवे बंध जुळताना मिळणारी ऊर्जा तेवढी पुरत नाही. उरलेली उष्णता पाण्यातूनच घेतली जाते. उन्हाळ्यात त्या बादलीत हात घालायला फार बरं वाटतं.

बारावीच्या वर्षी डिसेंबरात अण्णांनी ०:५२:३४ ची पंचवीस किलोची बॅग आणली. ओट्यावर ठेवली आणि आकड्यांवर तळहात ठेवून मला म्हणाले, ‘‘सांग बरं.’’ मी नाव विचारलं. मोनोपोटॅशियम फॉस्फेट. पोटॅशियम ३९, हायड्रोजन दोन, फॉस्फरस ३१, ऑक्सिजन चार. एकशे छत्तीस. दोन मोल, दोनशे बहात्तर. स्फुरदाचे १४२, पालाशचे ९४. भागाकार जमिनीवर खडूने केला: ५२.२ आणि ३४.६. नायट्रोजन मुळातच नाही, म्हणून पहिला शून्य.

अण्णांनी हात काढला, आकडे वाचले, खाली खडूचं पाहिलं, परत बॅगेवरचं पाहिलं. मग आईला हाक मारली, ‘‘अगं, बाहेर ये, हे पाह्य.’’