दिसला, पाहिला, विझली, विझवली: ‘द टर्न ऑफ द स्क्रू’, तिसरं वाचन, 17व्या प्रकरणापर्यंत

यंदा येळवशीला (वेळ अमावस्येला) रानात भज्जी-आंबिल झाल्यावर कोपीशेजारीच अंग टाकलं आणि पिशवीतलं पुस्तक काढलं. आत्या म्हणाली, "दोन वर्सं झाली, त्येच बुक घेऊन फिरायलीस. कशाचं हाय?" म्हटलं, भुताचं. "मंग मोठ्यानं वाच की."

तिथून हेन्री जेम्सच्या या इंग्रजी कादंबरिकेचं हे तिसरं वाचन सुरू झालं. गोष्ट थोडक्यात: मालक दूर, घरात त्याचा पुतण्या माइल्स आणि त्याची बहीण, त्यांना शिकवायला आलेली एक तरुण बाई, आणि दोन भुतं. आत्याला अक्षरओळख नाही. त्यामुळे मी इंग्रजी डोळ्यांनी वाचते आणि तोंडानं जमेल तसं मराठी करते, लिहून काढत नाही. रविवारी लातूरहून औशाच्या पलीकडं तिच्या गावी जायचं, सांजच्याला ओसरीवर बसायचं. चार बैठका झाल्या, 24 पैकी 17 प्रकरणं झाली. आधीची दोन वाचनं मी एकाच प्रश्नामागं पळत केली होती: भुतं खरी, की त्या शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यातली? तुमच्यातल्या बहुतेकांनी तेच केलं असणार. या वेळी त्या एका प्रश्नाचे तुकडे झाले आणि जवळजवळ प्रत्येक क्रियापदाच्या वाट्याला एकेक आला.

पहिली बैठक, प्रस्तावना. इथं एक शब्द फुकटात मिळाला: ‘म्हणे’. नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती मंडळी बसलीत. डग्लस एका बाईनं लिहिलेली हकिकत वाचून दाखवणार आहे. ती बाई वारून 20 वर्षं झालीत. ती त्याच्या बहिणीला शिकवायची आणि याचा तिच्यावर जीव होता, हे न लपण्याइतकं उघड आहे. पुढं डग्लसही मरतो, मरण्याआधी कागद निवेदकाकडं देतो, आणि आपण वाचतो ती निवेदकानं केलेली नक्कल. म्हणजे तीनदा ‘म्हणे’. आणि शेवटी जेम्स शेकोटीकडं परत येतच नाही. मंडळींचं काय झालं, कोण काय बोललं, काही नाही. आत्याचं एवढंच म्हणणं पडलं की जिचा जीव गेला तिची गोष्ट तिच्यावर जीव असलेल्या माणसाकडून ऐकू नये, त्यात मीठ कमी पडतं. (तिखट म्हणायचं असेल. मी विचारलं नाही.)

दुसरी बैठक, 1 ते 5. इथं माझी खरी फजिती झाली. दुसऱ्या प्रकरणात बाई घरकारभारीण मिसेस ग्रोसला आधीच्या शिक्षिकेबद्दल विचारते. तीही तरुण आणि देखणी होती म्हटल्यावर ही म्हणते, त्याला आपण तरुण आणि देखण्याच आवडतो वाटतं. ग्रोस पटकन बोलून जाते, हो, आवडायच्याच, त्याची तऱ्हाच तशी होती. आणि लगेच सावरते: म्हणजे मालकांची तऱ्हा. बाई विचारते, पण आधी कुणाबद्दल बोललात?

इंग्रजीत सगळं एका ‘ही’वर (he) तरून जातं. मराठीत कसं तरेल? कारभारीण मालकाबद्दल ‘त्यांना’ म्हणणार आणि मेलेल्या गड्याबद्दल, पीटर क्विंटबद्दल, ‘त्याला’. मी ‘त्याला’ म्हटलं आणि आत्यानं तिथंच धरलं: "मालकाला अरेतुरे? दुसराच कुनीतरी हाय ह्यो." तीन प्रकरणं आधी क्विंट फुटला. पुढच्या रविवारी मी ते वाक्य ‘आवडायच्याच हो, तऱ्हाच तशी’ असं सर्वनाम गाळून पुन्हा म्हणून पाहिलं. चालतं. पण गाळलेलं कळतं, आणि ग्रोस मुद्दाम गाळतेय असा वास येतो. मूळात ती चुकते, लपवत नाही.

तिसऱ्या प्रकरणात याच्या उलट. बाई संध्याकाळी बागेत फिरतेय, मनात मालक: आत्ता वळणावर कुणीतरी समोर यावं, हसावं, शाबासकी द्यावी. आणि तो खरंच उभा दिसतो, मनोऱ्यावर. तिच्याच शब्दांत, कल्पना क्षणात खरी झाली. मग कळतं, हा तो नव्हे. मराठीत मला ‘ते उभे होते’ म्हणून सुरुवात करून पुढच्या श्वासाला ‘तो’ वर उतरावं लागलं. हा उतार मला मूळापेक्षाही आवडला. आदरार्थी बहुवचन गळून पडतं आणि खाली परका माणूस उरतो.

‘दिसला’ की ‘पाहिला’ हा वाद तर अजून चालू आहे. ‘मी त्याला पाहिलं’ म्हटलं की काम बाईनं केलं. ‘मला तो दिसला’ म्हटलं की ती नुसती तिथं होती, करणारा तो. ‘भास झाला’ म्हटलं की निकालच लागला. तो शब्द मी वापरायचा नाही असं ठरवलंय. सध्या नियम असा: ती आपल्याला, म्हणजे वाचकाला, सांगते तिथं ‘दिसला’, ग्रोसला सांगते तिथं ‘पाहिला’. नियम माझाच आहे, पण त्यानं पुढं एक सापडलं, ते चौथ्या बैठकीत.

जाता जाता, तांबड्या केसांचं कोडं. बाईनं जिवंतपणी कधी न पाहिलेल्या तांबड्या केसांच्या माणसाचं वर्णन तिच्याकडून ऐकून ग्रोस क्विंटला ओळखते, म्हणजे भूत खरंच, असा भूतपक्षाचा हुकमी पत्ता. 1934 साली समीक्षक एडमंड विल्सननं सगळा दोष बाईच्या मनावर टाकला, त्यालाही हा पत्ता जड गेला. पण 5व्या प्रकरणातली एक ओळ पाहा. गावातलं कुणी नव्हतं ना, असं ग्रोस विचारते. बाई म्हणते, कुणी नाही. तुम्हाला सांगितलं नाही, पण मी खात्री करून घेतलीय. खात्री कुणाकडून? गावात विचारलं असेल तर तिथं अजून काय काय कानावर आलं? जेम्स पुढं बोलत नाही.

तिसरी बैठक, 6 ते 13. लाईट गेली, बॅटरीवर वाचलं, भरभर झालं. तळ्याकाठची मिस जेसल, म्हणजे आधीच्या शिक्षिकेचं भूत, आत्याला फार भावली नाही. पण पत्रांवर ती अडली. मागं दुसऱ्या प्रकरणातच माइल्सला शाळेतून काढल्याचं पत्र बाई ग्रोसपुढं धरते, तेव्हा कळतं की ग्रोसला वाचता येत नाही. पत्रात काय होतं ते म्हणून फक्त बाईच्या तोंडून. आता मुलं काकाला पत्रं लिहितात, ती पत्रं बाई टपालात टाकत नाही. इतकी सुंदर आहेत की पाठवायची कशाला, सगळी अजून माझ्यापाशी आहेत, म्हणते. आत्या गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझ्याबी मनीऑर्डरीची पावती दुसराच वाचायचा." एवढंच. मी पुढं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

चौथी बैठक, 14 ते 17. दिसला-पाहिलाचा नियम इथं कामाला आला. 15व्या प्रकरणात बाई चर्चच्या आवारातून, आत न जाताच, एकटी परत येते आणि शाळेच्या खोलीत तिच्याच टेबलाशी मिस जेसल. त्या प्रसंगात तोंड उघडते ती फक्त आपली बाई. शिवी द्यावी तसं एक वाक्य फेकते आणि खोली रिकामी. जेसल चकार शब्द बोलत नाही. पान उलटलं की 16व्यात बाई ग्रोसला सांगते, जेसलशी बोलायला आले होते. ग्रोस दचकते, ती बोलली? बाई म्हणते, तसंच म्हणायचं. आणि जेसल नरकयातना भोगतेय वगैरे सगळं तिच्या तोंडी घालते.

मी सपाट आवाजात वाचून गेले. आत्यानं थांबवलं. "आरं, ती बोलली कुटं? मघा तर मुकी हुती."

भूत खरं धरा नाहीतर खोटं धरा, ही तफावत दोन्हीकडं तशीच राहते. भूत खरं असूनही बाई बनवून सांगू शकते, हे मला दोन वाचनांत सुचलं नव्हतं. जेम्सच्या 12 जानेवारी 1895च्या टिपणात, कँटरबरीच्या आर्चबिशपकडून ऐकलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना, ही बाहेरच्या बघ्यानं सांगायची असं त्यानं योजलं होतं. 1898मध्ये गोष्ट छापून आली तेव्हा तो बघ्या गेला आणि बाई आली. बरं झालं.

मग 17वं. रात्री माइल्सच्या खोलीत बाई गुडघे टेकते. गार वारा सुटतो, खोली हादरते, पोरगं किंचाळतं, अंधार होतो. पण पडदे हललेले नाहीत आणि खिडकी घट्ट बंद. ती ओरडते, मेणबत्ती विझली! माइल्स म्हणतो, मीच विझवली.

विझली, विझवली. एका ‘व’चा फरक, तो आयता मराठीनं दिला. मी दोन्ही शब्द सावकाश म्हटले आणि आत्याकडं पाहिलं.

"फुकून इझवली?"

फुंकूनच, म्हटलं.

"दिवा फुकून इझवू न्हाई, त्याला कुनी शिकिवलं न्हाई व्हय? मास्तरीन घरात असून?"

18वं पुढच्या रविवारी.