फायबर लॉग: पीपी, पीव्हीए आणि आता मातीच्या पट्ट्या

या वेळी सिमेंटच्या मॉर्टारमध्ये (सिमेंट-वाळूचा माल) प्लास्टिकचे बारीक तंतू, म्हणजे फायबर, मिसळून पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), दोन्हीच्या पातळ पट्ट्या सोबतच ओतल्या, २८ दिवस पाण्यात क्युरिंग दिलं आणि दोन टेकूंवर ठेवून मधोमध बादली टांगून हळूहळू वाळू भरत मोडल्या. कॉम्प्रेशन मशीन माझ्याकडे नाही, पण त्यावाचून काही अडलं नाही, कारण दाबाची ताकद फायबरने फारशी वाढतच नाही. खरी गंमत तडा गेल्यानंतर सुरू होते.

बिनफायबरची पट्टी कटकन मोडली, विषय संपला. पीपीवालीला तडा जवळपास तेवढ्याच वजनाला गेला, पण दोन तुकडे एकमेकांना धरून लोंबकळत राहिले. पीपीचा ताठपणा काँक्रीटच्या मानाने बराच कमी, त्यामुळे पहिला तडा ते थांबवेल अशी अपेक्षाच धरू नका. त्याचा मोठा उपयोग ओल्या प्लास्टरमध्ये, पहिल्या काही तासांत पृष्ठभाग सुकताना पडणाऱ्या भेगा रोखायला. तिथे आकारमानाच्या ०.१ टक्का म्हणजे घनमीटरला साधारण ०.९ किलो पुरतं, म्हणजेच लिटरभर मॉर्टारला जेमतेम १ ग्रॅम!

पीव्हीएचं प्रमाण मात्र २ टक्के, म्हणजे लिटरला २६ ग्रॅम, आणि घमेल्यात ते भलतंच जास्त दिसतं. मिक्स ईसीसीच्या धर्तीवर, म्हणजे मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी जे वाकणारं काँक्रीट विकसित केलं त्या पद्धतीचं: खडी नाही, बारीक वाळू, सिमेंटच्या १.२ पट फ्लाय ॲश (कोळशाच्या वीज केंद्रातली बारीक राख), पाणी कमी आणि सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन). पट्टी चक्क वाकली. खालून कोरडी बघितली तर काहीच दिसेना, मग ओलं फडकं फिरवून पुसलं तेव्हा तड्यांत मुरलेल्या पाण्याच्या काळ्या रेघा उमटल्या, एकीला लागून एक, पूर्ण मधल्या भागात. एक मोठा तडा जाण्याऐवजी असे ढीगभर बारीक तडे जातात म्हणूनच ती वाकते.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मोडलेली कड भिंगाखाली धरली. पीपीचे तंतू लांब आणि गुळगुळीत बाहेर आलेले, सिमेंट त्यांना चिकटतच नाही, फक्त घर्षणावर धरतं. पीव्हीएचं उलट, ते सिमेंटला रासायनिक बंधाने चिकटतं, आणि फ्लाय ॲश न घातलेल्या पट्टीत तंतू बुडाशीच तुटून नुसते खुंट उरले होते. म्हणजे पकड जास्त झाली तरी पंचाईत, तंतू सरकायच्या आधीच तुटतो आणि पट्टी ठिसूळ ती ठिसूळच राहते. म्हणून तर ईसीसीच्या पीव्हीएवर मुद्दाम तेलाचा पातळ थर देतात. फ्लाय ॲशनेही ही पकड थोडी सैल होते, त्यामुळे फ्लाय ॲशवाल्या कडेला तंतू लांब निघाले होते, टोकं पिंजारलेली.

मिक्सिंगबद्दल एवढंच की आधी मॉर्टार नीट सैल होऊ द्या, मग फायबर चिमटी चिमटीने सोडा. गुठळ्या व्हायला लागल्या की हात आपोआप पाण्याकडे जातो, तो आवरा, सुपरप्लास्टिसायझरचे थेंब वाढवा.

मातीच्या पट्ट्याही सुकल्या. पेंढा जे काम करतो तेच पीपी करतं, सुकताना एक रुंद भेग पडायची तिथे चार बारीक पडल्या, आणि ओलीत पीपी कुजत नाही हा फायदा. पण पाण्यात ठेवल्यावर फायबरवाली मातीही तशीच विरघळली, त्याला चुना किंवा सिमेंटच लागतं. शिवाय उघडं पडलेलं पीपी उन्हाने खराब होतं. आणि एक वैयक्तिक खटका: मातीची भिंत पाडली की माती मातीत परत जाते, त्यात प्लास्टिकचे केस मिसळून ठेवायला मला जिवावर येतं, म्हणून मातीत मी पेंढ्यावरच राहणार.

पुढे फ्लाय ॲशचा जिओपॉलिमर (सिमेंटऐवजी वापरायचं, अल्कलीने घट्ट होणारं मिश्रण), सोडियम सिलिकेट आणि कॉस्टिक सोडा घालून. कुणी जुन्या बाटल्यांचे पॉलिस्टर तंतू त्यात टाकायचा विचार करत असेल तर थांबा, तीव्र अल्कलीत पॉलिस्टर झिजतं, पीपी टिकतं. मी पीपी आणि पीव्हीए दोन्ही टाकून बघतोय. गॉगल आणि हातमोजे आधी, बाकी सगळं नंतर.