गोरिला मी पाहिले, त्याने नाही

मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकाची राजधानी बांगुई, तिथून बायांगा गावापर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर, लाल माती आणि नुसते धक्के. ते एका ओळीत उरकते, कारण मला लिहायचंय ते नवऱ्याच्या सर्दीबद्दल.

झांगा-सांघाचं जंगल, शेजारी सांघा नदी, आणि आम्ही आलो होतो गोरिला बघायला. सकाळी निघतानाच हा दोनदा शिंकला. बस्स. गाइडने शांतपणे सांगितलं, तुम्हाला येता येणार नाही. मास्क लावतो, लांबूनच बघतो, अहो पैसे भरलेत, सगळं बोलून झालं, ढिम्म. आपली साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते, आणि त्या कळपाला माणसांची सवय लावण्यात कित्येक वर्षं गेलीयेत, ती एका टुरिस्टच्या शिंकेपायी कोण घालवेल? नियम शंभर टक्के पटला तरी राग आलाच. त्यात हा म्हणाला, "तू जा गं, माझं काय". कुठल्या सुरात, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मी गेले.

पुढे माग काढणारे ट्रॅकर, इथल्या जंगलातल्या बाआका जमातीचे; वाकलेलं पान, अर्धवट खाल्लेलं फळ, चावलेला देठ बघत इतके सावकाश चालायचे की मला वाटलं वाट सापडत नाहीये. घामावर येणाऱ्या बारीक मधमाश्या, चावत नाहीत पण डोळ्यांत, कानांत, शेवटी मास्कच्या आतसुद्धा. मध्येच ट्रॅकर जिभेने टॉक-टॉक करायचे, दुसऱ्याच्या घरी शिरताना कडी वाजवावी तसं, म्हणजे गोरिला दचकू नयेत. मग झुडपात एक काळी पाठ. एक हात. फांदी मोडल्याचा आवाज. सिल्व्हरबॅक, म्हणजे रुपेरी पाठीचा मोठा नर, पूर्ण दिसला तो जेमतेम मिनिटभर. आमच्यातल्या एकाने समोरची फांदी जरा बाजूला करता येईल का विचारलं, ट्रॅकरने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तास संपला, निघालो, कुणी "अजून पाच मिनिटं" म्हणायची हिंमत केली नाही.

परत आले तर हा मजेत! एका ताडीवाल्याबरोबर होडीतून दलदलीत जाऊन राफिया पामची ताजी ताडी पिऊन आला होता, सर्दी असताना, आणि मला म्हणे गोड आहे, थोडी आंबट.

नंतर 'झांगा बाय' नावाच्या जंगलातल्या मोकळ्या जागी दोघं गेलो. गुडघाभर पाण्यातून चालत मचाणावर, आणि समोर हत्तीच हत्ती, क्षारांसाठी सोंडेने वाळू उकरणारे. २०१३च्या मे महिन्यात इथेच शिकाऱ्यांनी २६ हत्ती मारले होते. तेच आठवत होतं आणि मागे एक जोडपं मोठ्याने हॉटेलच्या बिलावर भांडत होतं. आम्ही अख्खी दुपार एकमेकांशी बोललो नाही, चक्क भांडण न होता.

आता पुण्यात कुणी गोरिलांबद्दल विचारलं की हाच पुढे होऊन सांगतो, मधमाश्यांसकट. मी चहा टाकायला आत जाते.