वीजदराच्या सुनावणीला पुण्याला जाऊन आलो

साताऱ्याजवळ आमची पिठाची गिरणी आहे. महिन्यातले दहाबारा दिवस पट्टा बंद असतो, बिलातला स्थिर आकार मात्र बंद नसतो. महावितरणच्या दरवाढीची जाहीर सूचना पेपरात आली, तेव्हा ठरवलं, या वेळी बोलायचंच.

वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचं कार्यालय मुंबईत कफ परेडला. पण महावितरणच्या दराची सुनावणी पुणे, नागपूर अशा शहरांतही होते. सकाळच्या एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षाने कौन्सिल हॉल. ओळखपत्र जवळ ठेवा. आत जाताना वहीत नाव, गाव लिहून सही करायची.

खरी तयारी मात्र आधीची. जाहीर सूचनेत मुदत दिलेली असते, तेवढ्यात हरकत लेखी पाठवा. प्रत महावितरणलाही द्या, आणि ‘प्रत्यक्ष बोलायचं आहे’ हे त्यात लिहायला विसरू नका. महावितरणची दरवाढीची मूळ याचिका शेकडो पानांची. ती वाचत बसलात तर मुदत निघून जाईल. मराठीत सारांश मिळतो, त्यातला आपल्या वर्गवारीचा तक्ता तेवढा नीट पाहा.

सुनावणीत आधी महावितरण कंपनीचं सादरीकरण झालं: महसुली तूट (खर्चापेक्षा कमी पडणारं उत्पन्न), वीजखरेदी, गळती. त्यानंतर ग्राहक प्रतिनिधी. ही माणसं आकड्यांत मुरलेली, त्यांचं ऐकायला तरी जाच. मग यंत्रमागवाले, कारखानदार, कृषिपंपवाले शेतकरी. बरेच जण ‘दरवाढ रद्द करा’ एवढंच तावातावाने बोलून टाळ्या घेत होते. आयोगाचे सदस्य शांतपणे ऐकून घेत, पुढचं नाव पुकारलं जाई. आकडा घेऊन कुणी उभं राहिलं की मात्र सदस्यांची पेनं चालायची.

माझा नंबर जेवणानंतर लागला. बारा महिन्यांची बिलं नेली होती, पण बेरीज करून नेली नव्हती! माइकसमोर पानं चाळण्यातच माझा निम्मा वेळ गेला. तुम्ही एका कागदावर तीनच आकडे लिहून न्या: वापरलेली युनिटं, स्थिर आकार, एकूण बिल. बोलायला चारपाच मिनिटं मिळतात. मराठीत बिनधास्त बोला. परतीच्या गाडीचं आरक्षण करू नका, संध्याकाळ होते.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन, याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाला निर्णय द्यावा लागतो. आदेशात प्रत्येक मुद्द्यावरची हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निष्कर्ष छापतात. स्थिर आकारावर कंपनीचं उत्तर होतं ते अपेक्षितच: खांब, तारा, रोहित्रं यांचा खर्च गिरणी बंद असली तरी चालूच राहतो. शेवटी हजर राहणाऱ्यांची यादी असते. तिच्यात माझं आडनाव शोधायला बराच वेळ लागला. वहीत गिचमिड लिहिलं होतं ना मी.