९८.३ वर चार शहरं: चाळीसगाव घाट ते तोरणमाळ

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत, इंदूर. या चारही शहरांत रेडिओ मिरची ९८.३ मेगाहर्ट्झवरच लागते आणि खानदेश नेमका या चौघांच्या बेचक्यात येतो. धुळ्याहून सरळ रेषेत मोजलं तर संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर, नाशिक १४५, सुरत २०० आणि इंदूर २३०. इतक्या लांबून एकही स्टेशन धड पोहोचत नाही, पण पुरतं मरतही नाही. चाळीसगावचा घाट, धुळे, साक्री, नवापूर आणि शेवटी तोरणमाळ असा रस्ता धरायचा आणि आकडा ९८.३ वरून हलवायचा नाही; एक स्टेशन दुसऱ्यात घुसण्याचे बहुतेक सगळे प्रकार वाटेत ऐकायला मिळतात.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात घ्यावं. मिडियम वेव्हवर दोन स्टेशनं एकमेकांवर आली की दोन्ही ऐकू येतात, वर शिट्टी. एफएमचा रिसीव्हर तसा वागत नाही. दोन सिग्नलांत दोन-तीन डेसिबलचा (डेसिबल म्हणजे सिग्नलांचा जोर तोलायचं माप) फरक पडला तरी तो जोरकसाला धरतो आणि दुसऱ्याला दाबतो. मात्र धरणं वेगळं आणि स्वच्छ ऐकवणं वेगळं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकाप्रमाणे एकाच फ्रिक्वेन्सीवरचं नकोसं स्टेशन कायम येत असेल, तर स्टिरिओसाठी हवं ते त्याच्यापेक्षा ४५ डेसिबल वर असावं लागतं, मोनोसाठी ३६. नकोसं स्टेशन हवामानामुळे अधूनमधूनच येत असेल तर हेच आकडे ३७ आणि २८. म्हणजे तीन डेसिबलपासून चाळीसेक डेसिबलपर्यंतचा सगळा पट्टा धड ना इकडचा, धड ना तिकडचा, आणि खानदेशातला बराचसा प्रवास याच पट्ट्यात होतो. पहिला उपाय फुकटचा आहे: रेडिओ मोनोवर टाका. स्टिरिओचा अर्धा भाग ३८ किलोहर्ट्झच्या आसपास चढवलेला असतो आणि एफएमचा गोंगाट वर जाईल तसा वाढतो, म्हणून खरखर आधी तिथूनच शिरते.

सामान फार लागत नाही. गाडीचा रेडिओ ऐकायला उत्तम, पण त्याची अँटेना फिरवता येत नाही. सोबत सिग्नलचा आकडा दाखवणारा एखादा डीएसपी, म्हणजे सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारा, पोर्टेबल हवा. टेकसनचा पीएल-३१० चालेल. टीईएफ ६६८६ चिपचा सेट असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात बँडविड्थ, म्हणजे सेट एका वेळी ऐकतो तो पट्टा, ५६ किलोहर्ट्झपर्यंत आवळता येते. अँटेना घरीच करावी. ९८.३ साठी अर्धतरंग डायपोल, म्हणजे लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची सरळ अँटेना, १.४५ मीटर, म्हणजे ७२.५ सेंटिमीटरच्या दोन भुजा. दहा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी, मध्ये पीव्हीसीचा टी, आणि डिशची आरजी-६ केबल. केबलचा मधला तार एका भुजेला, जाळी दुसरीला, आणि जोडापासून लगेच केबलचे बारा सेंटिमीटर व्यासाचे सहा-सात वेढे टेपने बांधायचे. हे वेढे टाळले तर केबलच अँटेना होऊन बसते, चारही दिशांचं गोळा करते, आणि मग डायपोल कितीही फिरवा, फरक पडत नाही. डायपोलबद्दल नाराज होणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच असते.

तोरणमाळला जायचं असेल तर तीन काड्यांची यागी, म्हणजे एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना, सोबत घ्या. मागची काडी १.५३ मीटर, मधली १.४५, पुढची १.३४. मागची मधलीपासून ६० सेंटिमीटरवर, पुढची ५० वर. नुसतं ऐकायचं आहे, तेव्हा केबलशी थोडी विजोड झाली तरी बिघडत नाही. काड्या विंगनटवर बसवल्या की गाडीच्या डिकीत मावते.

सुरुवात पाटणादेवीपासून करावी. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीतली ही जागा रेडिओच्या दृष्टीने खोल विहीर आहे, आणि म्हणूनच कामाची. इथे ९८.३ वर जो आवाज येतो त्यात स्वतःच्या गाडीचा वाटा किती, ते कळतं. इंजिन बंद, मग चालू; मोबाइलचा चार्जर काढा, डॅशकॅम काढा, एलईडी दिवे बंद करा. स्वस्त चार्जर हा सगळ्यात मोठा चोर. तो आत्ताच सापडला नाही तर पुढे दिवसभर त्याचं खापर नाशिकच्या माथ्यावर फुटतं.

तिथून कन्नडचा, म्हणजे औट्रम घाट. चाळीसगाव बाजूला अजिंठा-सातमाळ्याची रांग भिंतीसारखी आडवी आहे. संभाजीनगर सरळ रेषेत जेमतेम ७० किलोमीटर, तरी पायथ्याला त्याचा सिग्नल कड्यावरून वाकून उतरतो तेवढाच. पश्चिमेकडून नाशिकचा पातळ सिग्नल येतो, आणि पायथ्याशी दोघं जवळपास बरोबरीत येऊ शकतात. चढताना प्रत्येक वळणावर पारडं फिरतं: एका ओळीला एक निवेदक, पुढच्या ओळीला दुसराच. पळत्या गाडीत याला फडफडीचं रूप येतं. डोंगरावरून परतलेल्या लहरींमुळे सिग्नल साधारण दर दीड मीटरला उठतो आणि बसतो. ताशी ६० किलोमीटरला हे सेकंदाला अकराच्या घरात जातं. पुष्कळांना वाटतं स्पीकर फाटला. गाडी थांबवून एक मीटर पुढे-मागे घेतली की तोच स्पीकर शहाण्यासारखा वाजतो. घाटात मात्र हा प्रयोग नको. वळणं आंधळी आहेत, पावसाळ्यात दरड येते. माथ्यावर चढून रस्त्याच्या बाहेर गाडी लावा. तिथे संभाजीनगर एकदम ठाम बसतं आणि नाशिक दिसेनासं होतं.

धुळे हे या वाटेवरचं सगळ्यात शिकवणारं ठिकाण. गावात नको, आकाशवाणी धुळ्याचा १००.५ चा जोरदार सिग्नल आणि खासगी स्टेशनं यांनी साध्या सेटचं तोंड भरून जातं, आणि दोन स्टेशनांच्या मिश्रणातून तिसऱ्याच आकड्यावर खोटं स्टेशन उगवतं. खरं की खोटं हे ओळखायला अँटेना थोडी आखडा. खरा सिग्नल दहा डेसिबलने पडला तर हे मिश्रण तिसेक डेसिबलने पडतं, म्हणजे गायबच होतं. दक्षिणेला आग्रा रोडवर दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आहे, तो चढा. पाणी खालूनच न्या, आणि मार्च ते मे भर दुपारी जाऊ नका.

वर डायपोल आडवा धरा. डायपोल टोकांच्या दिशेने बहिरा असतो. हव्या स्टेशनाकडे तोंड करण्यापेक्षा नकोशा स्टेशनाकडे टोक करणं केव्हाही फायद्याचं: समोरची दिशा वीस-पंचवीस अंश चुकली तर डेसिबलभर हानी, पण टोकाचा बहिरेपणा मोकळ्या जागी पंधरा-वीस डेसिबलचा. धुळ्याहून नाशिक नैर्ऋत्येला, होकायंत्रावर २२५ अंश. संभाजीनगर १५२ अंशांवर. दोघांत ७३ अंशांचा कोन, म्हणजे जवळपास काटकोन. टोक नाशिकवर रोखलं की संभाजीनगर आपोआप समोर येतं. टोक १५२ वर रोखा, नाशिक समोर. पोर्टेबलवरचा आकडा बघत टोक पाच-पाच अंश हलवा. बहिरा कोपरा अरुंद असतो, घाईत निसटतो. आणि इंदूर? ते २९ अंशांवर, नाशिकच्या जवळपास उलट दिशेला. म्हणून नाशिक दाबताना इंदूरही दबतं. फायदा आहे, पण इंदूर ऐकायची हौस असेल त्याने डायपोल ठेवून यागी घ्यावी. अँटेना उभी धरलीत तर हे सगळं संपलं. उभ्या काडीला दिशा नसते, आणि गाडीच्या टपावरची काडी म्हणूनच हतबल.

लळिंगवरच शेजारच्या आकड्याचा त्रासही तपासता येतो. आकाशवाणीचं इंदूर १०१.६ वर, संभाजीनगर १०१.७ वर. फरक १०० किलोहर्ट्झ. एफएमच्या एका स्टेशनाला एवढीशी जागा पुरत नाही, त्यामुळे जोरकस संभाजीनगर इंदूरवर ओसंडतं. ते एकाच आकड्यावरच्या टकरीसारखं ऐकू येत नाही: बोलण्यात ‘स’ आणि ‘श’ वर फरफर येते, शांत जागी कमी होते. इथे बँडविड्थ आवळण्याचा खरा उपयोग. एकाच आकड्यावर दोन स्टेशनं असतील तेव्हा मात्र बँडविड्थ आवळून काडीचाही फरक पडत नाही.

कोण बोलतंय हे कसं ओळखायचं? गाण्यावरून कधीच नाही. नवं हिंदी गाणं चारही ठिकाणी वाजतं. आरडीएसवर, म्हणजे स्टेशन रेडिओच्या पडद्यावर पाठवतं त्या मजकुरात, नाव दिसलं तरी ते ब्रँडचंच, चौघांचं सारखं. जाहिरातीची वाट पाहा. सराफाची पेठ, क्लासचा पत्ता, रस्त्याचं नाव यातून शहर कळतं, आणि गुजराती आली की सुरत. विविध भारतीवर तर राष्ट्रीय कार्यक्रम सगळीकडे एकच असतो, तिथे स्थानिक जाहिराती आणि केंद्राची उद्घोषणा एवढाच पुरावा. वहीत वेळ, जागा, अँटेनेची दिशा आणि ऐकलेला शब्द जसाच्या तसा लिहा. नुसतं ‘नाशिक लागलं’ असं लिहिलेलं आठवड्याने तुमचं तुम्हालाच पटत नाही.

धुळ्याहून नवापूरकडे निघालं की ५३ क्रमांकाच्या महामार्गावर एक वेगळाच उपद्रव भेटतो. गाडीतले ब्लूटूथ एफएम मॉड्युलेटर. सिगरेट लायटरच्या भोकात बसणारी ही डबी एफएमच्याच पट्ट्यात बोलते. शेजारून ट्रक गेला आणि दुबळं स्टेशन मरून दहा सेकंद भलतंच गाणं वाजलं, तर ते बहुधा यातलं असतं. ढाब्यावरही गाडी ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरपासून लांब लावावी. साक्रीच्या बाजूला शेवभाजी झणझणीत मिळते, पण छपराखाली रेडिओला नुसती खरखर.

दहिवेल ते विसरवाडी दरम्यानचा कोंडाईबारी घाट ही या मार्गावरची सीमारेषा. अलीकडे पूर्वेच्या स्टेशनांचं राज्य, उतरलं की पश्चिमेचं. नवापूर सुरतेपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिथे सुरत ऐकायची तर सूर्योदयाच्या आधी पोहोचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निरभ्र रात्री जमीन गार पडते, तिच्यालगत थंड हवा आणि वर उबदार थर बसतो, आणि लहरी त्या थराने वाकून क्षितिजापलीकडे उतरतात. उन्हं चढून थर मोडला की तासाभरात स्टेशन हातातून जातं. एप्रिल-मेच्या दुपारी, पारा ४४ वर असताना, हवा इतकी घुसळलेली असते की सगळ्यांचेच पल्ले आखडतात. ही पहाटेची टक्कर कोणाच्या चुकीने होत नाही. स्टेशनाला संरक्षण असतं ते त्याच्या ठरल्या क्षेत्रात, आणि नवापूर त्यात येत नाही. स्वतःच्या शहरात राहून स्थानिक स्टेशन दबत असेल, तरच तारीख, वेळ आणि जागा लिहून त्या स्टेशनाला कळवण्यात अर्थ आहे.

शिरपूर-पळासनेरकडचा फाटा वेळ असेल तरच. इंदूरचा जोर तिकडे वाढतो, पण सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा सावलीच.

तोरणमाळला शहादा, म्हसावद, राणीपूर या वाटेने जायचं. पठार सुमारे ११५० मीटर उंच, खालचं मैदान दोनशेच्या आत-बाहेर. उंचीचं गणित सोपं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१ म्हणजे रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये. नऊशे मीटर उठावाला १२३, आणि पलीकडच्या शंभर मीटरच्या टॉवरचे ४१ मिळवा. मध्ये डोंगर नसेल तर १६० च्या पुढे. आता नकाशा पाहा: इंदूर १७० किलोमीटर, ५७ अंशांवर, सुरत १८५ च्या आसपास, २४५ अंशांवर. अंतर जवळपास सारखं, दिशा एकमेकींच्या बरोबर उलट. डायपोल इथे हरतो, कारण त्याला पुढे-मागे सारखंच ऐकू येतं. यागीची मागची बाजू पंधराएक डेसिबल कमी ऐकते, तेवढ्यावर निवड करायची. तेवढंही पुरलं नाही तर पठारच आड घ्या: सुरतेसाठी नैर्ऋत्येच्या कडेला उभं राहा म्हणजे इंदूरच्या वाटेत पठार येतं, इंदूरसाठी उत्तरेच्या कडेला. कडेपासून पन्नास पावलं आत आलात की हा फायदा निम्मा गेला. यशवंत तलावाच्या काठी बसून ऐकू नका, तो बशीच्या तळाशी आहे.

डायपोल परत बाहेर काढायचा तो एकाच कामासाठी. त्याची टोकं सुरत आणि इंदूर या रेषेवर लावली की दोघंही दबतात आणि समोर १५५ अंशांची दिशा उघडते, जिथे २४० किलोमीटरवर संभाजीनगर आहे. मध्ये अजिंठ्याची रांग आहे, म्हणून हे रोज जमणारं नाही. हिवाळ्यातल्या स्थिर पहाटेलाच प्रयत्न करावा. ९८.३ वर काही लागलं नाही तर ९३.५ वर पाहा, रेड एफएम तिथेही याच पद्धतीने नाशिक, संभाजीनगर आणि इंदूर अशी वाटलेली आहे.

महाशिवरात्रीच्या यात्रेत तोरणमाळ टाळा. गर्दी आणि जनरेटर, दोन्ही रेडिओच्या मुळावर. पावसाळ्यात धुक्याने सातपायरी घाटात समोरचं दिसत नाही, आणि वीज कडाडत असेल तर कडेवर ॲल्युमिनियमची काडी उंच धरून उभं राहणं हा निव्वळ वेडेपणा. पेट्रोल शहाद्यातच भरा, नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा, आणि मुक्काम वर करा. पहाटे चारला घाट चढून येण्यापेक्षा ते बरं.